पान्हा आणि प्रेक्षक

बाळ जन्मल्यावर लोक तीन प्रश्न विचारतात. मुलगा की मुलगी, याचं उत्तर एका शब्दात देता येतं. कोणासारखं दिसतं, याचं उत्तर विचारणाऱ्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची. तिसरा प्रश्न मात्र सहा महिने पुरतो. "दूध पुरतंय ना गं?"

हा प्रश्न विचारायला जवळचं नातं लागत नाही. आई विचारते, सासूबाई पुण्याहून फोनवर विचारतात, दोन्हीकडच्या आत्या आणि मावश्या विचारतात, समोरच्या काकू त्यांच्या गॅलरीतून विचारतात आणि त्यासाठी मला आमच्या गॅलरीत बोलावून घेतात. पुरुष असलं काही विचारत नाहीत. ते "बाकी सगळं व्यवस्थित ना?" असं म्हणतात आणि पंख्याकडे बघतात. 'सगळं' या शब्दावर त्यांचा फार भरवसा असतो.

आणि याच मंडळींपैकी प्रत्येकजण वर असंही सांगतो की, अगं, अंगावर पाजणं ही अगदी नैसर्गिक गोष्ट आहे. असेल. शिंकसुद्धा नैसर्गिक आहे, पण तिच्यासाठी कोणी खोलीत पाच जणींची बैठक भरवत नाही.

माझं बाळंतपण माहेरी, मिरजेला झालं. पहिल्याच दिवशी वाद झाला तो चिकावरून. पहिले दोन-तीन दिवस आईला जे दाट, पिवळसर दूध येतं तो चीक. रोगांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात, म्हणून जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या आजीचं मत वेगळं पडलं. "ते पिवळं पिळून टाकायचं. जड असतं बाळाला," ती म्हणाली. आता ही तीच आजी, जी गवळ्याची म्हैस व्यायला झाली की आदल्या दिवशीच किटली घासून दारात ठेवते. तो चीक आला की गूळ, वेलदोडा, जायफळ पडून खरवस होतो, वड्या मोजून वाटल्या जातात, आणि कोणाला एखादी कमी मिळाली तर तो विषय पुढच्या गणपतीपर्यंत टिकतो. म्हशीच्या चिकासाठी एवढी चढाओढ आणि नातीचा चीक मोरीत? मी हे बोलून दाखवलं. आजी जरा थांबली. मग म्हणाली, "म्हशीचा पहिल्या धारेचा असतो, म्हणून चांगला." माझाही पहिल्याच धारेचा होता. आजीने तो मुद्दा तोंडाने मान्य केला नाही, पण मोरीचा उल्लेखही पुन्हा केला नाही.

चीक येतो किती, तर चमचाभर. आमच्याकडे 'पोटभर' हे माप पंगतीत ठरलेलं असल्यामुळे चमचा पाहून सगळ्यांचे चेहरे पडले. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तरी कोणाचं समाधान झालं नाही. सोनं उगाळून मध चाटवायची सूचना आली. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यात असलेल्या जंतूंच्या बीजांमुळे क्वचित पण गंभीर आजार होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. "मग नुसतं सोनं?" असं आत्याने विचारलं.

बरं, चीक आहे म्हणजे बाळाला मिळतोच असं नाही. बाळाला तो घेता आला पाहिजे. माझी मुलगी टोकाला धरून असं काही ओढायची की माझ्या पायाची बोटं आपोआप आवळायची. चिरा पडल्या. पाजायची वेळ आली की आधी घड्याळाकडे आणि मग देवाकडे बघायची सवय लागली. "सुरुवातीला दुखतंच. आमचंही दुखलं," असं भेटायला आलेली प्रत्येकजण म्हणाली. मराठी बाई दुसऱ्या बाईचं सांत्वन करते ते असं: तुझं दुखणं खरं आहे, पण त्यात नवीन काही नाही.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाळाकडे वाकताय. बाळाला वर आणा. पोटाला पोट लागू दे. आणि नुसतं टोक नका देऊ, भोवतीचा काळा भाग पण तोंडात गेला पाहिजे. वडापाव खाताना कसा दाबून चपटा करतो? तसं धरायचं. तिला मोठ्ठं तोंड उघडू दे, मग लावा." खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी टेकली, आणि मुलगी गिळते आहे हे पहिल्यांदा कानाला कळलं. मी गरोदरपणात वाचलेल्या पुस्तकांत आकृत्या होत्या, बाण होते, कोन होते. वडापाव नव्हता. त्यामुळेच मला काही समजलं नव्हतं.

जाता जाता सिस्टर आणखी एक सांगून गेल्या. सुरुवातीला थोडं हुळहुळणं ठीक आहे. पण दर वेळी डोळ्यांत पाणी येत असेल तर पकड चुकतेय असं समजायचं, आपली सहनशक्ती कमी पडतेय असं नाही. बाळ प्यालं की स्वतःच्याच दुधाचे चार थेंब चिरांवर लावून वाळू द्यायचे. बाईला "सहन कर" न सांगणारं माणूस त्या आठवड्यात मला तेवढं एकच भेटलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. हे 'उतरणं' ऐकायला फार गोड वाटतं. प्रत्यक्षात छाती दगडासारखी घट्ट होते, ठणकते, आणि इतकी ताठते की बाळाच्या तोंडात काही सापडत नाही. उपाय साधे आहेत. वारंवार पाजायचं, आधी हाताने थोडं काढून मऊ करायचं, मधल्या वेळात गार शेक द्यायचा. गार कोबीची पानं ठेवा, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुण्याहून आलेल्या नवऱ्याला मंडईत पाठवलं. तिथून त्याचा फोन. "कोबी कसा बघू? घट्ट गड्डा की मोठ्या पानांचा?"

"मोठ्या पानांचा."

"किती आणू? पाव किलो?"

आई हे ऐकत होती. "कोबी? बाळंतिणीला? वातूळ असतो तो!" खायला नको आहे, असं मी सांगितलं. मग कशाला हवा आहे तेही सांगितलं. आईने मनातल्या मनात बाळंतिणीच्या वर्ज्य पदार्थांची उजळणी केली असावी, कारण बराच वेळ ती काही बोलली नाही. खायला मनाई होती. अंगावर घालायला मनाई असल्याचं तिला कुठे आठवेना. उरलेल्या गड्ड्याची रात्री भाजी झाली. ती मला वाढली नाही.

खाण्याबद्दल बोलायचं तर घरात दोन याद्या होत्या. एका यादीत अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, मेथी, शेपू, शतावरी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि जेवणानंतर चिमूटभर बाळंतशोपा. ही यादी दूध वाढवणारी. दुसऱ्या यादीत वांगं, हरभऱ्याची डाळ, बटाटा, ताक, गार पाणी आणि समोरच्या काकूंना त्या दिवशी जे सुचेल ते. ही बाळाला बाधणारी. बाळाला शिंक आली, शी हिरवी झाली, पोट फुगलं, किंवा ती नुसतीच रडली, तरी तपास माझ्या ताटापासून सुरू व्हायचा. "काल काय खाल्लंस?" या प्रश्नाला खरं उत्तर देणं फार अवघड असतं, कारण जे सांगू ते आरोपपत्रात जातं.

पाजणाऱ्या बाईला चांगलं आणि जास्तीचं अन्न लागतं हे खरंच. आजीच्या हातच्या अळिवाच्या लाडवाबद्दल तर मी एक वावगा शब्द ऐकून घेणार नाही. पण दूध किती बनायचं ते मुख्यतः बाळ ठरवतं. जितकं बाहेर निघेल तितकं नवं तयार होतं, साठून राहिलं तर शरीर हात आखडता घेतं. मागणी तसा पुरवठा. लाडवांनी वजन वाढलं, ते माझं.

आता बाबांबद्दल. आमचं घर जुनं, खोल्या एकातून दुसरीत जाणाऱ्या, आणि बाळंतिणीची खोली मधली. मुलीला पाजायची वेळ झाली की बाबा खाकरायचे, चप्पल घालायचे आणि "मी जरा चक्कर मारून येतो" म्हणत बाहेर पडायचे. नवजात बाळ दिवसाला आठ ते बारा वेळा पितं. यातल्या रात्रीच्या फेऱ्या वजा केल्या तरी बाबांचं चालणं किती झालं असेल याचा हिशोब करावा. त्यांची वर्षानुवर्षं न हलणारी साखर पहिल्याच महिन्यात उतरली. "काय बदल केलात?" असं त्यांच्या डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं. बाबा म्हणाले, "नात झाली."

खरा कसोटीचा काळ संध्याकाळचा. दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं बाळ दिवेलागणीला प्यायला लागतं ते थांबतच नाही. पितं, सोडतं, रडतं, पुन्हा मागतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या आसपास हे फार होतं. वाढीचा वेग वाढलेला असतो आणि बाळ पुढच्या दिवसांची मागणी आजच नोंदवत असतं. पण हे घरात पटवून द्यायचं कोणी? बाळ रडतं आहे आणि आई पाजते आहे, म्हणजे दूध कमी पडतं आहे, हा निष्कर्ष निघायला आमच्याकडे पाच मिनिटं लागायची. मग आत्या हलक्या आवाजात म्हणायची, "वरचं द्यायचं का थोडं? डबा आणून ठेवायला काय हरकत आहे?"

त्या डब्याची एक मजा आहे. १९९२ साली आपल्याकडे झालेल्या कायद्याने त्याच्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही, त्याची जाहिरात करता येत नाही, आणि आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, अशा अर्थाची सूचना ठळकपणे छापावीच लागते. स्वतःच्या अंगावर प्रतिस्पर्ध्याची शिफारस छापून दुकानात उभं राहणारा दुसरा माल माझ्या पाहण्यात नाही. डब्याला मी नावं ठेवत नाही. काही बाळांना तो लागतो, डॉक्टर सांगतात तेव्हा तो द्यावा, आणि देणाऱ्या आईकडे कोणी खाली मान घालायला लावणाऱ्या नजरेने बघू नये. पण आत्याच्या हलक्या आवाजावरून डबा आणायचा नसतो.

दूध पुरतं आहे की नाही हे ओळखायची रीत मला शेवटी आजीनेच दाखवली. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, दोनेक आठवड्यांत ते जन्मवेळच्या वजनावर परत येतं. आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल तर काळजी नको, असं डॉक्टर सांगतात. आजीने ना टक्के काढले ना वजनकाटा. आत्या डब्याबद्दल बोलत असताना आजी परसात गेली, परत आली आणि म्हणाली, "दोरीवर लंगोट वाळत घालायला जागा उरलेली नाही. पुरतंय." चिकाच्या बाबतीत आजी चुकली होती, पण लंगोटांच्या पुराव्यापुढे भल्याभल्या तज्ज्ञांनी हात टेकले असते.

तरीही मनात बसलेली शंका लंगोट मोजून जात नाही. एका संध्याकाळी तर दूध खरोखरच येईना. खोलीत आई, आत्या, समोरच्या काकू, काकूंची बारशाचा मुहूर्त विचारायला आलेली बहीण, आणि फोनच्या पडद्यावर सासूबाई. मुलगी रडतेय, मी रडायच्या बेतात, आणि सगळ्या माझ्या पदराकडे पाहतायत. तेवढ्यात बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी विसरलेली तेलाची वाटी न्यायला आल्या. कवठेमहांकाळकडच्या बाई, घरी दोन म्हशी. त्यांनी दारातूनच हा देखावा पाहिला.

"म्हस बी चार माणसं बघितली की पान्हा चोरती. ही तर माणूस हाय. चला, व्हा बाहीर समद्या!"

बाहेर झाल्या. फोनही उपडा ठेवला गेला. दोन मिनिटांत दूध आलं.

यात चमत्कार काही नाही. दूध छातीतून बाहेर ढकलणारं ऑक्सिटोसिन बाईत आणि म्हशीत एकच. भीती, दुखणं, ताण, परकं माणूस समोर असलं की ते अडतं. म्हणून गवळी धार काढताना कोणाला गोठ्यात फिरकू देत नाही, म्हशीशी हळू बोलतो, आचळाला कोमट पाणी लावतो, आणि "काय गं, दूध पुरतंय का?" असं तर तिला चुकूनही विचारत नाही. दुधाचा व्यवहार ज्यांना पैशात मोजावा लागतो ते ही काळजी घेतात. आपण बाळंतिणीला पलंगावर बसवतो आणि भोवती खुर्च्या मांडतो.

याच्या उलटही होतं. ऑक्सिटोसिनला आपलं बाळ कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं हे नीट कळत नाही. चुलतभावाच्या लग्नात अक्षता पडत असताना मागच्या रांगेत कोणाचं तरी पोर रडलं, आणि माझी पैठणी भिजली. फोटोत मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उभी आहे. नातेवाईक म्हणतात, किती भावुक झाली होती बघा.

रात्रीचं वेगळं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतं, हे बहुधा बाळांना ठाऊक असावं. रात्री तीन वाजता नवरा अर्धा डोळा उघडून विचारायचा, "मी काही मदत करू का?" त्याचा प्रामाणिकपणा वादातीत होता, अडचण अवयवांची होती. पुढे त्याची कामं ठरली. लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. बाळ प्यायला लागलं की आईला कडकडून तहान लागते, आणि त्या वेळी पाण्याची बाटली हाताच्या बरोबर एक वीत पलीकडे असते. पाजत असताना उठता येत नाही. कृष्णाला पाजताना चुलीवरचं दूध उतू चाललं म्हणून यशोदा उठली होती. त्यावर त्याने दह्याचं मडकं फोडलं आणि पुढे दावं, उखळ असं बरंच वाढलं. तेव्हा पाणी नवऱ्यानेच आणावं.

एकदा छातीत दुधाची गाठ राहिली, तिथली कातडी लाल झाली आणि थंडी वाजून ताप आला. आईने मीठमोहरीने दृष्ट काढली, डॉक्टरीणबाईंनी प्रतिजैविकं दिली आणि पाजणं थांबवू नका असं बजावलं. ताप उतरला. गुण कशाने आला यावर घरात अजून मतभेद आहेत.

माझ्या एका मैत्रिणीची अडचण उलटी होती. तिचं दूध बाळाला पुरून उरायचं. ती मुंबईत असल्यामुळे तिने ते दुग्धपेढीला दिलं. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. मैत्रीण सांगते, तिच्या सासूबाई आता कोणी "दूध पुरतंय का सुनेला?" विचारलं की म्हणतात, "बँकेत आहे."

मग रजा संपली. २०१७ साली कायदा बदलून ती १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, त्यातले काही बाळ यायच्या आधीच खर्ची पडतात. मी पुण्यात कामावर जाताना पंप नेऊ लागले. कचेरीत त्यासाठी मला जुने संगणक ठेवायची खोली मिळाली. पंपाचा आवाज भिंतीपलीकडे जायचा आणि पलीकडच्या सहकाऱ्यांनी एअरकंडिशनर बिघडल्याची तक्रार केली. माणूसही येऊन बघून गेला. काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवायची मला धास्ती होती, कारण त्या फ्रिजातून लोकांची श्रीखंडं जात. पण बाटलीवर नाव आणि तारीख लिहून ठेवल्यापासून तो फ्रिजच सुधारला. तो कप्पा उघडायला कोणी धजेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मला विनंती केली, "मॅडम, माझा डबा तुमच्या बाटलीच्या मागे ठेवू का?"

प्रवासात 'हिरकणी कक्ष' अशी पाटी हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसते. नाव चपखल आहे. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरली अशी कथा आहे. एका गावी मला अशी पाटी सापडली, दाराला कुलूपही सापडलं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. हिरकणीपुढे निदान कडा तरी होता. मी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळामागे, घुंगरांच्या तालावर मुलीला पाजलं. रसवाल्याने काही न विचारता एक खुर्ची आणून दिली आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

माहेरी उष्टावण झालं आणि सगळं सुरळीत आहे असं वाटेपर्यंत मुलीला दात आला. तो आल्याचं घरात सर्वांआधी मला कळलं, आणि माझ्यामुळे मग गल्लीला. आई, आत्या, फोनवर सासूबाई, सगळ्यांनी एका आवाजात "आई गं!" म्हटलं आणि गप्प बसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी काही सुचवलं नाही. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा चावली.

"नाक दाब," आजी कोपऱ्यातून म्हणाली.

"काय?"

"चिमटा नको. नुसतं जवळ ओढ तिला, नाक जरा दबेल असं. उघडते की नाही बघ तोंड."

ओढलं. श्वासासाठी मुलीने तोंड उघडलं आणि माझी सुटका झाली. खात्रीसाठी आम्ही डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी अगदी हेच सांगितलं, फक्त फी घेऊन.